औषधाविना टळलेला संसर्ग

आफ्रिकेतील मलावी या देशाच्या झोम्बा जिल्ह्यात २००८ आणि २००९ या दोन वर्षांत १३ ते २२ वयोगटातील काही अविवाहित मुलींना दरमहा रोख रक्कम देण्यात आली. पालकांना ४ ते १० डॉलर आणि मुलीच्या स्वतःच्या हातात १ ते ५ डॉलर असे तिचे स्वरूप होते. कोणत्या भागातील मुलींना पैसे द्यायचे हे सोडतीने ठरवले होते. त्यामुळे पुढे दिसलेला फरक पैशाचाच परिणाम आहे, असे खात्रीने म्हणता आले.

दीड वर्षाने तपासण्या झाल्या. सुरुवातीला शाळेत असलेल्या मुलींपैकी पैसे मिळालेल्या गटात एचआयव्हीचे प्रमाण १.२ टक्के, तर पैसे न मिळालेल्या गटात ३ टक्के आढळले. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या मुलींना ना लस मिळाली होती, ना औषध. मग संसर्ग कमी कसा झाला?

माणूस ज्या परिस्थितीत जन्मतो, शिकतो, कमावतो आणि ज्यांच्यावर अवलंबून राहतो, त्या परिस्थितीला आरोग्याचे सामाजिक निर्धारक म्हणतात. गरीब घरातील मुलीला साबणापासून शाळेच्या खर्चापर्यंत अनेक गोष्टींसाठी कमावत्या, वयाने मोठ्या पुरुषाचा आधार घ्यावा लागतो, आणि वयाने मोठ्या जोडीदाराला आधीच एचआयव्ही असण्याची शक्यता अधिक असते. पैसे मिळालेल्या मुलींमध्ये पंचविशी ओलांडलेले जोडीदार असण्याचे प्रमाण खरोखरच कमी होते. मला या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: त्या मुलींना आजाराची माहिती देण्यापेक्षा नकार देण्याची ऐपत देणे महत्त्वाचे ठरले. काही मुलींना पैसे शाळेतील हजेरीच्या अटीवर मिळत होते, तर काहींना विनाअट; या दोन गटांत संसर्गाच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही.

जिथे अट नव्हती, तिथे मात्र पैसे थांबल्यानंतर दोन वर्षांच्या आत हा लाभ ओसरला. याउलट, आधीच शाळा सोडलेल्या ज्या मुलींना हजेरीच्या अटीवर पैसे मिळाले होते, त्या पुन्हा वर्गात बसल्या; त्यांचे वाढलेले शिक्षण आणि लांबलेले लग्न व गरोदरपण हे परिणाम पैसे बंद झाल्यावरही टिकून राहिले.