रेस्पिरेटरी थेरपिस्टसाठी ऑनलाइन पदवीपूर्ती (अमेरिका)

अमेरिकेत नोकरी सांभाळून रेस्पिरेटरी थेरपिस्टना (श्वसनोपचार करणाऱ्यांना) आपल्या दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवर बॅचलर पदवी मिळवता यावी, यासाठीचा ऑनलाइन शिक्षणक्रम.

व्हेंटिलेटर लावणे व हळूहळू काढणे, धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी, नेब्युलायझर, ऑक्सिजन हे या थेरपिस्टचे रोजचे काम. त्यासाठी असोसिएट पदवी आजही पुरते. ती मिळाल्यावर एनबीआरसी या मंडळाच्या परीक्षा द्यायच्या. बहुपर्यायी परीक्षेत वरची गुणमर्यादा गाठून रुग्णस्थितीवर निर्णय घेण्याची दुसरी परीक्षाही पार केली की 'आरआरटी' (रजिस्टर्ड रेस्पिरेटरी थेरपिस्ट) ही पात्रता मिळते. अलास्का सोडून सर्व राज्यांत परवाना लागतो.

मग बॅचलर पदवी कशाला? कारण व्यवसायाचीच पायरी वर सरकते आहे. 2020 पर्यंत 80 टक्के थेरपिस्टकडे बॅचलर पदवी असावी किंवा ते त्या वाटेवर असावेत, असे उद्दिष्ट एएआरसी या व्यावसायिक संघटनेने ठेवले होते. 1 जानेवारी 2018 पासून कोआर्क या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने नव्या प्रवेशस्तरीय अभ्यासक्रमांना किमान बॅचलर पदवीची अट घातली. जुने असोसिएट अभ्यासक्रम मात्र चालू राहिले.

बॅचलर पदवीला साधारण 120 क्रेडिट (अभ्यास मोजण्याची एकके) लागतात. आधीच्या कॉलेजातले बरेचसे क्रेडिट वळते होतात, म्हणून प्रवेशाआधी ते किती धरले जातील हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. सर्वांत जास्त पैसा आणि वेळ इथेच वाचतो किंवा वाया जातो. बॉयसी स्टेटसारखी विद्यापीठे असे अभ्यासक्रम पूर्ण ऑनलाइन चालवतात. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, व्यवस्थापन, रुग्णशिक्षण असे विषय त्यांत असतात. बारा तासांच्या पाळ्या, त्यांत रात्रपाळीही, करणाऱ्याला ठरलेल्या वेळी वर्गात बसणे जमत नाही. व्याख्याने व चर्चा सवडीने करता येतात, हा या पद्धतीचा खरा आधार. आणि इथला विद्यार्थी कोरा नसतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना होणाऱ्या न्यूमोनियावरचा शोधनिबंध तो वाचतो तेव्हा असे रुग्ण त्याने स्वतः हाताळलेले असतात. अंतिम प्रकल्प आपल्याच आयसीयूतल्या एखाद्या अडचणीवर करावा. त्याचा उपयोग पदवीपुरता उरत नाही.

या पदवीने परवान्याची व्याप्ती वाढत नाही, आणि पगारवाढही आपोआप होत नाही. पर्यवेक्षक किंवा शिक्षक व्हायचे असेल, किंवा पुढे मास्टर्स करायचे असेल तेव्हा तिचे मोल कळते. रुग्णालय शिक्षणखर्च देत असेल, तर वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतची रक्कम केंद्रीय आयकरातून मुक्त असते.

भारतातल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, 2021 खालील आरोग्यविषयक अभ्यासक्रम ऑनलाइन वा दूरस्थ पद्धतीने चालवण्यास यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे.