पळता पाणी थोडं

टाकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे, तो तिरका लटकल्यासारखा उभा होता. पर अंगाशी मिटलेले, अंगावर गडद उभे पट्टे उमटलेले, शेपटीची कड दोरे निघालेल्या कापडासारखी. खाली दुसरा मासा मालकाच्या थाटात फेऱ्या मारत होता. लांबीने याच्यापेक्षा जेमतेम नखभर मोठा. तिसरा आदल्या रात्रीच गेला होता.

तिन्ही मासे ग्रीन सनफिश. शिकागोच्या पश्चिमेला आम्ही राहतो तिथून फॉक्स नदी जवळ आहे, आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांत गांडूळ लावून गळ टाकला की यातला एखादा हमखास लागतो. मुलगा अकरा वर्षांचा. (इलिनॉयमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मासेमारीचा परवाना लागत नाही, पण जिवंत मासा घरी नेऊन पाळण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. ते आधी वाचावेत.) बोटभर लांबीचे तीन मासे आणि घरात रिकामी पडलेली वीस गॅलनची, म्हणजे सुमारे ७५ लिटरची टाकी. लहानपणी गप्पी आणि एंजल पाळलेल्या माझ्या डोक्यानं सरळ हिशेब केला: एवढेसे मासे, एवढी मोठी टाकी. हिशेब चुकलाय हे कळायला तीन आठवडे लागले, आणि एक मासा.

सनफिश हे गोड्या पाण्यातलं कुळ मूळचं फक्त उत्तर अमेरिकेचं. समुद्रातला जात्याच्या तळीसारखा अजस्र सनफिश वेगळा, त्याचा यांच्याशी संबंध नाही. गळ टाकणाऱ्यांचा लाडका लार्जमाउथ बास याच कुळातला आणि इलिनॉयचा राज्यमासा ब्लूगिलही. ग्रीन सनफिश त्यांच्यात सगळ्यांत देखणा नसेल, पण जवळून बघावा: शेवाळी हिरवं अंग, गालांवर निळ्या-मोरपंखी नागमोडी रेघा, परांना पिवळसर किनार आणि भावंडांच्या मानानं भलंमोठं तोंड. त्या तोंडात मावेल ते सगळं त्याच्या लेखी अन्न. बहुतेक मासे १५ ते २० सेंटिमीटरवर थांबतात, क्वचित एखादा ३० पर्यंत जातो. आमचा बोटभर होता तो बाळ होता म्हणून.

पहिला मासा मेला तेव्हा मी पाण्याला दोष दिला. पाळणाऱ्याचा पहिला संशय तिथेच जातो, आणि बरेचदा बरोबरही असतो. माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी विषारी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला काही आठवडे जातात आणि तोवर मासे आपल्याच घाणीत गुदमरतात. पण माझा फिल्टर जुना, रुजलेला. चाचणी केली तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पाणी निर्दोष सुटलं.

मग खुर्ची ओढून टाकीसमोर बसलो. अर्ध्या तासात सगळं डोळ्यांपुढे आलं. मोठा मासा कोपऱ्यातल्याकडे सरळ तोंड करून यायचा, कल्ल्यांवरची झाकणं दोन्ही बाजूंनी फुगवायचा आणि क्षणभर आहे त्याहून दुप्पट रुंद दिसायचा. खरंतर ही नुसती धमकी. नदीत बहुतेक भांडणं इथेच मिटतात: समोरचा वळतो, निघून जातो, गवतात दिसेनासा होतो. आमचाही वळला. जोरात निघाला, आणि एका श्वासात समोरच्या काचेला जाऊन थडकला. मागचा दादा दोन शेपट्या मारून पुन्हा त्याच्यासमोर हजर, कारण त्याच्या दृष्टीनं समोरचा अजून गेलेलाच नव्हता. पळता भुई थोडी म्हणतात ती ही. टाकीची लांबी ७६ सेंटिमीटर, रुंदी ३०. हरलेल्यानं हार कबूल केली होती, पण ती सिद्ध करायला लागणारं अंतर त्याच्याजवळ नव्हतं.

शिकागोशी या प्रश्नाचं जुनं नातं आहे. शिकागोच्या बर्नार्ड ग्रीनबर्ग या संशोधकानं १९४७ मध्ये नेमक्या याच माशावर, ग्रीन सनफिशवर, एक अभ्यास प्रसिद्ध केला. काचेच्या टाक्यांतल्या माशांमध्ये हद्द आणि उतरंड यांचं नातं काय, हा त्याचा विषय. हद्द म्हणजे हा दगड माझा, तो तुझा. उतरंड म्हणजे सगळंच माझं, तू माझ्याखाली आणि तिसरा तुझ्याखाली. एकच जात दोन्ही पद्धतींनी राहू शकते. कोंबड्यांची चोच मारण्याची उतरंड आपण शाळेत ऐकलेली असते, तोच प्रकार इथे पाण्याखाली.

आमच्याकडे उतरंडच होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. वैतागून मी दादाला बादलीत काढलं. वाटलं, कोपऱ्यातला आता सुटकेचा श्वास घेईल. त्यानं घेतलाही, एक दिवस. पट्टे फिके झाले, पर उघडले, टाकीभर हिंडला. तेवढ्यात मुलानं ओढ्यावरून चौथा, सगळ्यांत छोटा मासा आणून हळूच आत सोडला होता. संध्याकाळी बघतो तर कालचा पीडित झाकणं फुगवून त्या पिल्लाच्या मागे लागलेला. स्वभाव असा काही नव्हताच. जागा होती, ती रिकामी झाली, आणि यानं ती घेतली.

पम्पकिनसीड या जवळच्या भावंडावर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला यात फार उपयोगी वाटतो. नुकताच जिंकलेला मासा पुढची लढतही जिंकण्याची शक्यता वाढते, हे आधीपासून ठाऊक होतं. प्रश्न होता, हा कैफ टिकतो किती? पंधरा मिनिटांनी पुढची लढत लावली तर तो दिसत होता, तासाभरानं लावली तर उतरलेला होता. हरल्याचा परिणाम मात्र अनेक प्राण्यांत जिंकल्यापेक्षा जास्त टिकतो. आता हे माझ्या टाकीला लावून बघा. ओढ्यात दोन माशांची पुन्हा गाठ पडायला तास सहज जात असेल. काचेत दोन मिनिटंही जात नाहीत. जिंकणाऱ्याचा कैफ उतरायला आणि हरणाऱ्याला सावरायला जो वेळ लागतो, तो तिथे कुणालाच मिळत नाही. वर दादा आधी खातो, म्हणून आधी वाढतो, म्हणून पुढचं भांडण अजून सोपं. पीडितावर कुणी दात टेकवला नाही तरी तो सततच्या ताणानं खचतो, उपाशी राहतो आणि एखाद्या बुरशीला बळी पडतो.

आणि ही सगळी पोरवयातली भांडणं. वयात आलेल्या नराचा राग निराळा, कारण तो बापाचा राग असतो. वसंत सरताना पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की नर उथळ तळाशी शेपटीनं वाळू झाडून फूटभर रुंदीची बशी खणतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर राहतो: अंड्यांवर परांनी वारा घालतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर जातो, मग तो मासा असो वा पोहणाऱ्याचा घोटा. हा संशय उगाच नाही. कॅनडातल्या ओपिनिकन सरोवरात ब्लूगिलवर झालेलं मार्ट ग्रॉस यांचं काम प्रसिद्ध आहे. तिथले सुमारे एक पंचमांश नर कधी घरटं बांधतच नाहीत. लहानपणी ते दुसऱ्याच्या घरट्यात झडप घालून तिथल्या अंड्यांत आपल्या बापपणाचा वाटा साधतात आणि थोडे मोठे झाले की मादीसारखा रंग आणि चाल घेऊन राजरोस आत शिरतात. शेजारी असे असतील तर बाप सगळ्यांवर गुरगुरणारच. आता फूटभर बशी आणि फूटभर रुंदीची टाकी यांची मापं शेजारी ठेवा. वयात आलेल्या एका नराची बशी ७५ लिटरच्या टाकीचा तळ पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत व्यापते. उरलेल्यांसाठी उरतो तो फिल्टरमागचा कोपरा.

म्हणून ७५ लिटरच्या टाकीत किती सनफिश, याचं माझं उत्तर एक. तोही लहान असेतोवर. पूर्ण वाढलेल्या ग्रीन सनफिशला चार फुटी, दोनशे लिटरच्या वरची टाकी हवी. छोट्याच टाकीचा हट्ट असेल तर मासा बदलावा: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडच्या संथ, गवताळ पाण्यात राहणारा ब्लूस्पॉटेड सनफिश दहा सेंटिमीटरच्या आतच राहतो आणि दाट वनस्पती दिल्या तर चार-पाच जण गुण्यागोविंदानं नांदतात. दगड, फुटक्या कुंड्या, लाकूड यांनी आडोसे करा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो खरा आहे, पण आडोसा बिळासारखा नको, भिंतीसारखा हवा. लपायला जागा मिळण्यापेक्षा नजर तुटणं महत्त्वाचं. नवा मासा सोडताना सगळे दगड हलवावेत, म्हणजे जुन्यालाही घर अनोळखी होतं आणि मालकी हक्काचा फायदा जातो. हे मी चौथ्या माशाच्या वेळी करायला हवं होतं.

उरलेल्या माशांचं काय करायचं? परत ओढ्यात सोडावं असं पटकन मनात येतं. पण टाकीत राहिलेला मासा तिथले रोग घेऊन जातो, आणि परक्या पाण्यात गेला तर त्याहून मोठं नुकसान करतो. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. खाण्यासाठी वाढवू म्हणून नेलेल्या त्या माशांचे वंशज पुढे जपानभर पसरले, बिवा सरोवरातल्या स्थानिक माशांच्या मुळावर उठले, आणि २००७ मध्ये स्वतः सम्राट अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. सम्राटच मत्स्यशास्त्रज्ञ, त्यामुळे त्यांना ते जास्तच लागलं असणार. उजनीत जाळ्यात येणारा, मासेमारांना नकोसा झालेला सकर मासाही मूळचा घरच्या फिशटँकचाच रहिवासी.

आमचे दोन मासे मुलाच्या शाळेतल्या मोठ्या टाकीत गेले, मध्ये जाळी लावून. एक आमच्याकडे राहिला, तोच कोपऱ्यातला. शेपटी भरून आली. गांडुळाचा डबा हातात घेतला की काचेशी येतो. फक्त संध्याकाळी बाहेर अंधारलं आणि टाकीचा दिवा लागला की उजव्या काचेत त्याला कुणीतरी दिसतं, आणि झाकणं फुगवून तो त्याच्यासमोर तासन्‌तास उभा राहतो. गेल्या रविवारी त्या काचेला बाहेरून पांढरा कार्डपेपर लावलाय.