निंबोळी तेल अन् लवंग तेल : नाव तेलच, जात वेगळी

मिरचीच्या मुळांना सूत्रकृमीच्या (मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक अळ्यांसारख्या किड्यांच्या) गाठी दिसल्या म्हणून औषध आणायला बेळगावात एका दुकानात गेलो तर त्यानं 'नीम इसेन्शियल ऑइल' अशी चिठ्ठी लावलेली बाटली दिली. घरी येऊन कागदावर एक थेंब टाकून ठेवला, दुसऱ्या दिवशी बघतो तर डाग जशास तसा तेलकट. म्हणजे ते साधं निंबोळी तेल, इसेन्शियल कसलं!

इसेन्शियल म्हणजे लवंग, ओवा, गवती चहा यांचं वाफेवर काढलेलं सुगंधी तेल, ते उडून जातं, चोख असलं तर कागदावर डाग राहत नाही. निंबोळी तेल बिया दाबून काढतात, ते जड, उडत नाही.

आता सूत्रकृमीचं. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, गवती चहातलं सिट्रल, यांनी लॅबमध्ये बशीतल्या पाण्यात सूत्रकृमीची पिल्लं पटापट मरतात हे खरं आहे, पण बशी वेगळी आणि आपलं रान वेगळं. मातीत ते तेल उडतं, मातीला चिकटतं, जंतू त्याला खाऊन टाकतात, शिवाय पाण्यात विरघळत नाही म्हणून इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) लागतो आणि डोस जास्त झाला की रोपच करपतं. त्यात मादी एकेका पुंजक्यात शेकड्यानं अंडी घालते, चिकट वेष्टनात, आणि उबदार मातीत महिन्याभरात नवी पिढी तयार. एकदा ओतून काय होणार सांगा.

निंबोळीचं काम संथ. त्यात अझाडिरॅक्टिन हे किडीवर चालणारं द्रव्य असतं, पण ते उन्हात लवकर खराब होतं, म्हणून सूत्रकृमीसाठी मला तरी तेल फवारण्यापेक्षा निंबोळी पेंडच (तेल काढून उरलेला चोथा) पटते. लागवडीआधी मातीत मिसळली की ती कुजताना अमोनिया आणि फिनॉल सुटतात, चांगले जंतूही वाढतात. खानापूरकडच्या तांबड्या हलक्या मातीत तर हाच उपाय आधी करावा, हलक्या रानात गाठीवाली सूत्रकृमी जास्त माजते.

झेंडूचं पण असंच घोळतं. सूत्रकृमीला मारणारं अल्फा-टर्थिनिल त्याच्या मुळात असतं, म्हणून फुलाचं सुगंधी तेल आणून उपयोग नाही, झेंडू रानातच लावायला लागतो.

आणि हो, सोयाबीन-भुईमुगाच्या मुळावरच्या गाठी बघून घाबरू नका, त्या नखानं सहज सुटतात आणि कापल्या तर आत गुलाबी दिसतात, त्या पिकाला नत्र देणाऱ्या चांगल्या जंतूंच्या. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, सुटत नाही.