रंगाच्या लहान युनिटसाठी फॉर्म-५: पर्यावरण विवरणपत्र कोणी, कधी आणि कोणत्या कागदांवरून भरायचे

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना किंवा लातूरच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या नाहीतर जॉबवर्कवर पावडर कोटिंग करणाऱ्या युनिटला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कन्सल्टंटचा फोन येतो. ‘फॉर्म फाइव्ह राहिलाय, आकडे पाठवा.’ मालकाचे उत्तरही बहुतेक ठरलेले असते: ‘गेल्या वर्षीचेच घ्या, थोडे इकडे तिकडे करा.’ फॉर्म जातो, पोचपावती मिळते आणि विषय वर्षभरासाठी संपतो.

पुढे डिसेंबरात एखाद्या मोठ्या गाडी कंपनीच्या खरेदी विभागाकडून प्रश्नावली येते. प्रति चौरस मीटर पाणी किती, घातक कचरा किती, मागच्या वर्षीपेक्षा कमी झाला का? तेव्हा पुन्हा शोधाशोध सुरू होते. खरे तर यातले बहुतेक प्रश्न सरकारी फॉर्म तीस वर्षांहून अधिक काळ विचारतो आहे. तो नीट भरला तर शाश्वततेची प्रगती मोजायला दुसरे काही वेगळे विकत घ्यावे लागत नाही, निदान लहान युनिटला तरी नाही.

नियम काय आहे आणि कोणाला लागू

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधला नियम १४. तीनपैकी एक जरी गोष्ट तुमच्याकडे लागत असेल तर विवरणपत्र बंधनकारक आहे: जल कायदा १९७४ खालची संमती, हवा कायदा १९८१ खालची संमती, किंवा घातक कचऱ्याचे प्राधिकारपत्र. महाराष्ट्रात या तिन्ही गोष्टी बहुधा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या एकाच एकत्रित संमतीपत्रात (कन्सेंट) येतात, म्हणून ‘कन्सेंट आहे ना, मग फॉर्म-५ आहे’ एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

युनिट सूक्ष्म आहे, उलाढाल कमी आहे, यंदा नफा झाला नाही, यातल्या कशानेही सूट मिळत नाही. दोन प्लॉटवर दोन स्वतंत्र संमतीपत्रे असतील तर विवरणपत्रेही दोन. हार्डवेअरच्या दुकानात टिंटिंग मशीन लावून रंग मिसळून देणारा दुकानदार किंवा घरे रंगवणारा ठेकेदार यांना मंडळाची संमतीच लागत नसेल, तर हा फॉर्मही लागत नाही. फक्त बेस आणि पिगमेंट (रंगद्रव्य) मिसळणारे युनिट, पिगमेंट किंवा रेझिन (रंग बांधून ठेवणारा चिकट घटक) स्वतः तयार करणारे युनिट आणि फॉस्फेटिंगच्या, म्हणजे रंगाआधी पत्र्यावर रासायनिक प्रक्रिया करायच्या, टाक्या असलेले कोटिंग युनिट यांचे प्रदूषण वर्ग सारखे नसतात. आपला वर्ग अंदाजाने लिहू नये. तो संमतीपत्रावर छापलेला असतो.

तारीख ३० सप्टेंबर. माहिती ३१ मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाची. इथे एक गल्लत नेहमी होते. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण, म्हणजे २०१६ च्या नियमांतला फॉर्म-४, वेगळा आहे आणि त्याची मुदत ३० जून आहे. जूनमध्ये काहीतरी भरल्याचे आठवते म्हणून सप्टेंबरचे राहून जाते. शहाणपण असे की जूनमध्येच दोन्हींचे आकडे एकत्र काढावेत, कारण कचऱ्याचा आकडा दोन्हीकडे तोच असायला हवा. तो वेगळा निघाला तर तपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

टेबलावर कोणते कागद हवेत

फॉर्मसोबत कागदांचा गठ्ठा जोडायचा नसला तरी आकडे कागदांतूनच आले पाहिजेत. चालू संमतीपत्राची प्रत, मागच्या वर्षीचे विवरणपत्र आणि त्याची तारीख (फॉर्मच्या पहिल्याच भागात ती विचारलेली असते), एमआयडीसीची बारा महिन्यांची पाणी बिले, उत्पादनाचे रजिस्टर, कच्च्या मालाची खरेदी आणि ३१ मार्चचा शिल्लक साठा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे सांडपाणी आणि धुराड्याचे तपासणी अहवाल, घातक कचऱ्याचे फॉर्म-३ मधले नोंदवही पान आणि कचरा उचलल्याचे फॉर्म-१० चे मॅनिफेस्ट. भंगारवाल्याला दिलेल्या पुठ्ठ्याच्या, लोखंडाच्या पावत्याही ठेवा, त्या घनकचऱ्याच्या भागात लागतात.

मराठवाड्यात यात एक कागद हमखास गहाळ असतो: टँकरची पावती. उन्हाळ्यात एमआयडीसीचे पाणी कमी पडले की टँकर येतो, पैसे रोख जातात आणि ते पाणी कोणत्याच बिलात दिसत नाही. बोअरला तर मीटरच नसते. मग कागदावर दुष्काळी वर्षात पाण्याचा वापर एकदम घटलेला दिसतो आणि मालक खूश होतो. टँकरचे लिटर आणि तारीख लिहायला साधी शंभर पानी वही पुरते.

पाण्याचा हा मुद्दा आपल्याकडे नुसता कागदी नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती आणि इतर उद्योगांच्या पाण्यात कपातीचे आदेश दिले. जायकवाडीचा साठा खाली जातो तेव्हा कपातीचा विचार उद्योगांपर्यंत पोहोचतोच. अशा वेळी आपले युनिट दर नगामागे किती कमी पाणी वापरते हे दाखवणारा जुना, सही-शिक्क्याचा कागद हाताशी असलेला बरा.

भाग ‘बी’: इथेच सगळा खेळ आहे

फॉर्मचे नऊ भाग आहेत, ‘ए’ ते ‘आय’. ‘ए’ मध्ये नाव, पत्ता, वर्ग, उत्पादनक्षमता, स्थापनेचे वर्ष. तिथे एकच सावधगिरी: वर्षाचे प्रत्यक्ष उत्पादन संमतीपत्रातल्या मर्यादेपेक्षा जास्त झाले असेल, तर फॉर्ममध्ये लिहिताच ते तुमच्या सहीने कबूल होते. उपाय आकडा दाबणे हा नव्हे. संमतीपत्रात वाढीव क्षमतेसाठी अर्ज करावा लागतो, आणि तो वर्ष संपायच्या आत केलेला चांगला.

‘बी’ मध्ये पाण्याचे तीन प्रकार दररोज घनमीटरमध्ये द्यायचे असतात: प्रक्रियेचे, थंड करण्याचे, घरगुती वापराचे. त्याखाली खरे रकाने येतात: उत्पादनाच्या एका एककामागे प्रक्रियेचे पाणी, मागचे आर्थिक वर्ष आणि चालू आर्थिक वर्ष, शेजारी शेजारी. कच्च्या मालाचेही तसेच.

बहुतेक जण इथे एकूण वापर लिहून टाकतात. गाडीत वर्षभरात किती पेट्रोल घातले यावरून ॲव्हरेज कळत नाही, किलोमीटरही लागतात. समजा एका पावडर कोटिंग युनिटने मागच्या वर्षी १,८०० घनमीटर पाणी वापरून ६०,००० चौरस मीटर पत्रा रंगवला. यंदा २,१०० घनमीटरमध्ये ८४,००० चौरस मीटर. नुसते पाणी पाहिले तर वापर जवळपास १७ टक्क्यांनी वाढला. पण चौरस मीटरमागे मागच्या वर्षी ३० लिटर लागले, यंदा २५, म्हणजे तितक्याच टक्क्यांनी घट. ऑर्डर वाढलेल्या वर्षात पहिला आकडा लिहिणारा माणूस विनाकारण स्वतःला बिघडलेला दाखवतो. उलट मंदीच्या वर्षात एकूण पाणी घटते, पण टाक्या तेवढ्याच वेळा रिकाम्या करून भराव्या लागतात, त्यामुळे एककामागचा वापर वाढतो. फॉर्मने हा प्रश्न एककात विचारला आहे तो यासाठीच.

एकक कोणते घ्यायचे ते एकदाच ठरवा आणि नंतर बदलू नका. द्रवरूप रंगाला लिटर किंवा किलो चालते. कोटिंगच्या जॉबवर्कला ‘नग’ घेऊ नये. एका वर्षी स्कूटरचे ब्रॅकेट आणि दुसऱ्या वर्षी कपाटाचे दार रंगवले, तर नगांची तुलना फोल ठरते. तिथे चौरस मीटर किंवा वापरलेली पावडर किलोत धरावी. नवीन युनिटने मागच्या वर्षाच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहावे, शून्य नाही.

दररोजचा आकडा काढताना वर्षाच्या पाण्याला ३६५ ने भागू नका, युनिट प्रत्यक्ष चाललेल्या दिवसांनी भागा. वरच्या उदाहरणात ३०० दिवस काम झाले असेल तर दिवसाला ७ घनमीटर येतात. संमतीपत्रातली पाण्याची मर्यादाही दिवसाचीच असते, त्यामुळे हा आकडा तिच्याशी थेट जुळवून पाहता येतो.

थिनर कुठे गेला?

कच्च्या मालाच्या रकान्यात पिगमेंट, रेझिन, फिलर यांचे हिशेब सोपे असतात. अवघड असतो सॉल्व्हंट, म्हणजे थिनरसारखा रंग पातळ करणारा द्रव, कारण तो उडून जातो. आणि रंगधंद्यात हवेच्या प्रदूषणाचा मोठा वाटा तोच आहे. फॉर्म त्यासाठी वेगळा रकाना देत नाही, पण ताळा कोणीही मांडू शकतो.

भांडी आणि मिल धुण्याचा थिनर घेऊ. सुरुवातीचा साठा ४०० लिटर, खरेदी ३,२००, अखेरचा साठा ३००, म्हणजे वापरला ३,३००. त्यातला २,१०० लिटर त्याच रंगाच्या पुढच्या बॅचमध्ये परत घातला, ७०० लिटर वापरलेला सॉल्व्हंट म्हणून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला दिला. उरलेल्या ५०० पैकी थोडा चिंध्यांत आणि गाळात, बाकी हवेत. वर्षाचे उत्पादन ५०,००० लिटर असेल तर दर हजार लिटर रंगामागे १० लिटरचा हिशेब लागत नाही. हा आकडा दरवर्षी काढला की झाकण नसलेला ड्रम आणि उघडा राहणारा मिक्सर आपोआप नजरेत भरतात. फॉर्ममध्ये तो शेवटच्या ‘आय’ भागात, ‘इतर माहिती’त लिहिता येतो. तो भाग लोक कोरा सोडतात किंवा ‘झाडे लावली’ एवढेच लिहितात.

आणखी एक मोजमाप तुमच्या सीएकडे आयतेच पडलेले आहे. जीएसटीत पाण्यावर आधारित रंगांचा एचएसएन (मालाचा सांकेतिक क्रमांक) ३२०९ आणि सॉल्व्हंटवर आधारितांचा ३२०८. दोन्हींची वर्षाची विक्री लिटरमध्ये काढली की युनिट पाण्याच्या रंगांकडे किती सरकले ते कळते. रुपयांवरून काढू नका. दोन्हींचे भाव वेगळे असल्याने तो आकडा फसवा येतो.

सी, डी, ई, एफ

‘सी’ मध्ये सांडपाणी आणि हवेतले प्रदूषक, त्यांचे दिवसाचे प्रमाण, तीव्रता आणि मानकापासून किती टक्के फरक, कारणासह. एखाद्या महिन्यात सीओडी (सांडपाण्यातल्या प्रदूषणाचे एक मोजमाप) मर्यादेबाहेर गेला असेल तर तो लिहा आणि कारणही लिहा: ईटीपीची (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेची) मोटर जळाली, तेल-ग्रीस काढायचे नवीन डिग्रीझिंग रसायन घेतले, जे असेल ते. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल त्यांच्याकडे असतातच, लपवून मिळत काही नाही. सांडपाणी वाळूजच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे जात असेल तर तसे नमूद करा.

‘डी’ घातक कचऱ्याचा. २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीतले क्रमांक वापरा: रंगनिर्मितीतला गाळ व अवशेष २१.१, फॉस्फेटिंगचा गाळ १२.५, ईटीपीचा रासायनिक गाळ ३५.३, रसायनाचे रिकामे ड्रम ३३.१. रिकाम्या ड्रमकडे विशेष लक्ष द्या. ते भंगारात विकले जातात आणि ‘ई’ भागात साधा घनकचरा म्हणून दाखवले जातात. रसायन लागलेला ड्रम घातक कचराच असतो, तो अधिकृत व्यक्तीलाच द्यावा लागतो. साठवणुकीची मर्यादा ९० दिवस आहे. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा होणाऱ्यांना मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते, पण त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. गाडी रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला जायची आहे, ड्रम भरला की पाठवू, असे म्हणत वर्ष काढणाऱ्यांना हे माहीत असावे. ‘एफ’ मध्ये त्याच कचऱ्याचे गुणधर्म आणि विल्हेवाट यांचे दोन-चार ओळींत वर्णन.

जी आणि एच

‘जी’ भाग विचारतो की प्रदूषण कमी करायच्या उपायांनी नैसर्गिक साधनांची किती बचत झाली आणि उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला. इथे ‘चांगला परिणाम झाला’ असे वाक्य असते. त्याऐवजी रुपये लिहा. धुण्याच्या शेवटच्या टाकीचे पाणी पहिल्या टाकीत फिरवायला पाइप आणि पंपाला किती खर्च आला, पाण्याच्या बिलात किती वाचले. ‘एच’ मध्ये पुढच्या वर्षीचे प्रस्ताव. झेपेल तेवढेच लिहा, कारण पुढच्या वर्षी तुलना तुमच्याच शब्दांशी होणार.

हा फॉर्म काय विचारत नाही

शिशाचा प्रश्न यात नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे. ते नियम २०१६ मध्ये निघाले, नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले आणि डब्यावर तसा उल्लेख लागतो. इकोमार्क, म्हणजे १९९१ पासूनचे मातीच्या घड्याचे चिन्ह, हाही वेगळा आणि ऐच्छिक अर्ज आहे. त्याचे नवे नियम २०२४ मध्ये आले.

भरणे आणि त्यानंतर

फॉर्म महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर, संमतीसाठी वापरलेल्या त्याच लॉगिनने भरायचा. नियम १४ मध्ये कसलेही शुल्क सांगितलेले नाही, तेव्हा ‘फॉर्मची सरकारी फी’ म्हणून कोणी पैसे मागितले तर पावती मागा. कन्सल्टंटची मेहनत वेगळी, तिचे पैसे जरूर द्या. अडचण आली तर छत्रपती संभाजीनगरचे प्रादेशिक कार्यालय किंवा आपल्या जिल्ह्यासाठीचे उपप्रादेशिक कार्यालय गाठावे.

मुदत चुकली तरी फॉर्म भरावाच. पर्यावरण कायद्याच्या कलम १५ मध्ये २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली आहे. शिवाय संमतीच्या नूतनीकरणाच्या वेळी मागची विवरणपत्रे पाहिली जातात.

पोचपावतीची पीडीएफ आणि आकडेमोडीचा कागद एकाच फोल्डरमध्ये ठेवा. शेअर बाजारातल्या वरच्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, द्यावा लागतो आणि त्यांच्याकडून पुरवठादारांना येणाऱ्या प्रश्नावलीत पाणी आणि कचऱ्याचे हेच आकडे लागतात. उद्यम (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी) नोंदणी असलेल्या युनिटला झेड, म्हणजे ‘झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट’, प्रमाणपत्राचा अर्ज करायचा असेल तरी हाच फोल्डर उघडावा लागतो. त्या योजनेत प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघु उद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के अनुदान ठरवलेले आहे.