रात्री अडीचचा डबा

"अगं, मी खातेच काय?" हे वाक्य ताईनं गेल्या दोन वर्षांत मला किती वेळा ऐकवलं, त्याला हिशेब नाही. ताई म्हणजे माझी मावसबहीण. कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात प्रसूती वॉर्डाला स्टाफ नर्स आहे. बारा तासांची ड्युटी, महिन्याला दहा-बारा नाईट. लग्नात ५५ किलो होती, आता ७१. उंची पाच फूट एक इंच. जिन्याला धाप लागते, गुडघे बोलतात, आणि घरात जो तो सांगतो, "जरा कमी खा."

शेवटी एका रविवारी आम्ही दोघी वही घेऊन बसलो आणि तिची एक नाईट जशीच्या तशी लिहून काढली.

संध्याकाळी सातला, धाकट्याचा अभ्यास घेता घेता, ओट्याशी उभ्यानंच अर्धी भाकरी. आठला वॉर्डात ओव्हर घेतली, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटचा ताबा. साडेनऊला चहा. मग औषधं, सलाईन, बीपी, चार्टिंग. बाराला वॉर्डातल्या मावशींनी परत चहा आणला, सोबत बिस्किटं. अडीचला डबा: तीन चपात्या, बटाट्याची भाजी, आमटी-भात. "तेव्हाच काय ती उसंत मिळते, मग पोटभर खाते." चारला डोळे मिटायला लागले म्हणून चहा. साडेसहाला, पेशंटच्या सकाळच्या कामांना हात लावायच्या आधी, आणखी एक. शिवाय प्रसूती वॉर्ड म्हटल्यावर खोके येतच असतात. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. "काहीही होऊ दे, सिस्टरचं वजन वाढायचं ते वाढतंच," ताई म्हणाली. सकाळी आठला सुटल्यावर आठवड्यातून एकदा तरी मैत्रिणींबरोबर मिसळ. आणि घरी पोचल्यावर सासूबाई दारातच उभ्या: "उपाशी झोपू नकोस गं, दोन घास खा आणि मग पड."

आधी साधा हिशेब केला. आपल्याकडे चहा म्हशीच्या दुधाचा. अर्धा कप दाट चहात ५० मिलिलिटर दूध धरलं तर पन्नासेक कॅलरी, दोन चमचे साखरेच्या ४०. म्हणजे एका चहाला ९०. रात्रीत चार चहा म्हणजे साडेतीनशेच्या वर. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण १७० कॅलरींची. म्हणजे ताई दर नाईटला दोन भाकऱ्या नुसत्या पिऊन टाकत होती, आणि वर "मी खातेच काय" होतंच. हे ऐकून ती जराशी रुसली. पण खरं सांगायचं तर मला त्या वहीतला चहा तेवढा खुपला नाही. मला खुपला तो अडीचचा डबा.

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वरच्या बाजूला, जेमतेम वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. उजेड डोळ्यांत शिरला की त्याला दिवस कळतो. या घड्याळाची चक्रं पेशींच्या आत कशी फिरतात, हे फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. पण घड्याळ हे एकच नाही. यकृताला त्याचं स्वतःचं घड्याळ आहे, स्वादुपिंडाला आहे, आतड्याला आहे, चरबीलाही आहे. मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं आणि पोटातली ही घड्याळं बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर लागतात. दिवसा जागायचं, दिवसा जेवायचं, रात्री झोपायचं, असं असेपर्यंत सगळ्यांचे काटे जुळलेले राहतात.

नाईटला काय होतं? मेंदूचं घड्याळ एका रात्रीत उलटत नाही. दिवसाला फार तर तासभर सरकतं, आणि वॉर्डातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात तेवढंही धड नाही. ताईच्या तीन नाईट लागोपाठ असतात, मग ऑफ, मग परत दिवसपाळी. घड्याळ सरकायला लागतं न लागतं तोच तिला पुन्हा सकाळी आठला हजर व्हायचं असतं. म्हणजे रात्री अडीचला ती टक्क जागी असते, पण तिच्या शरीराच्या लेखी ती गाढ झोपलेली असते. रक्तात मेलाटोनिन चढलेलं असतं. आपण त्याला झोपेचं संप्रेरक म्हणतो, पण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाही त्याची हाक ऐकू येते, आणि ती ऐकली की त्या हात आखडता घेतात. आपले पूर्वज रात्री अडीचला आमटी-भात खात नव्हते, तेव्हा शरीराच्या बाजूनं ही व्यवस्था चोखच आहे. दुकान बंद, शटर अर्धं खाली. त्या वेळी तीन चपात्या आणि भात आत गेला की साखर रक्तात चढते आणि लवकर उतरत नाही.

हे अंदाजाचं बोलणं नाही. अमेरिकेत काही निरोगी माणसांना तंतोतंत एकसारखं जेवण एकदा सकाळी आठला आणि एकदा रात्री आठला दिलं, तर रात्रीच्या जेवणानंतरची रक्तातली साखर सरासरी १७ टक्के जास्त निघाली. २०१५ सालचा हा प्रयोग. आणि ही नुसती रात्रीची आठची गोष्ट. दुसऱ्या एका प्रयोगात १४ जणांना प्रयोगशाळेत नकली नाईट करायला लावल्या. दिवसा झोपवून रात्री जागवलं, तर त्यांचं शरीर दिवसाकाठी तीनेक टक्के कमी ऊर्जा खर्च करायला लागलं. हा आकडा छोटा आहे. पण एरवीपेक्षा कणभरही जास्त न खाता वजनाचा काटा हलू शकतो, एवढं त्यातून कळतं. "बघ, मी सांगत नव्हते?" ताई.

नाईट करणाऱ्यांच्या तब्येतीबद्दल जगाला जे ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळसं मुळात नर्सेसनीच सांगितलेलं आहे. अमेरिकेत १९७६ साली सव्वा लाखाच्या आसपास नर्सेसना घेऊन, टपालानं प्रश्नावल्या पाठवून, एक अभ्यास सुरू झाला. पुढे त्यात नव्या पिढीची भर पडली. वर्षानुवर्षं त्या प्रश्नावल्या भरून पाठवत राहिल्या: किती नाईट केल्या, काय खाल्लं, वजन किती, कोणता आजार. त्यातल्या पावणेदोन लाखांहून अधिक जणींच्या माहितीवरून २०११ मध्ये असं दिसलं, की वीस किंवा जास्त वर्षं पाळीपाळीनं नाईट केलेल्यांमध्ये टाइप दोन मधुमेहाचा धोका न केलेल्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी जास्त होता. आता यातली मेख बघा. वजनातला फरक हिशेबातून वजा केला तेव्हा तो ५८ चा आकडा २४ वर आला. म्हणजे नाईटचं बरंचसं ओझं वजनाच्या वाटेनं येतं, पण सगळं नाही. वजन न वाढलेल्या सिस्टरनंही वर्षाकाठी साखर तपासून घ्यावी ती म्हणूनच. दुसऱ्यांचे रिपोर्ट लावता लावता स्वतःचा राहून जातो.

मग २०२१ मध्ये एक प्रयोग आला, तो वाचून मी ताईला रात्रीच फोन केला होता. (ती ड्युटीवर होती, ओरडली.) १९ निरोगी तरुणांना नकली नाईटवर ठेवलं. दोन गट. दोघांनाही रात्रभर जागवलं, दिवसा झोपवलं. एका गटाला नाईटवाले जेवतात तसं रात्रीही जेवण दिलं, दुसऱ्याला फक्त दिवसाच्या वेळेत. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्के वाढली. दिवसा जेवणाऱ्यांची जवळपास जिथल्या तिथे राहिली. जागरण तेच, काम तेच, फक्त ताटाची वेळ वेगळी. यात वजन कुणी मोजलं नव्हतं, आणि प्रयोगशाळेत कुणाचं बाळ पायाळू येत नाही, हेही खरं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो असा: तीन नाईटमध्ये मेंदूचं घड्याळ उलटणारच नसेल, तर पोटाला तरी कशाला उलटं करायचं? माणूस नाईटला, पोट दिवसपाळीला.

तर अडीचचा डबा आम्ही संध्याकाळी साडेसहाला हलवला. तेच जेवण, तेवढंच, पण बसून. लिहायला ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात साडेसहाला जेवायचं म्हणजे सहाला स्वयंपाक तयार हवा, आणि आदल्या नाईटची झोप काढून दुपारी उठलेल्या बाईनं तो करायचा कधी? नर्सेसना आहाराचे सल्ले देणारे या प्रश्नाला कायम बगल देतात. आमच्याकडे तो भाऊजींनी सोडवला. नाईटच्या आठवड्यात कुकर आणि भाजी त्यांची. त्यांच्या हातची आमटी पातळ होते, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

अडीचला मग काय? काहीच नाही, असं मी म्हणाले नाही. बारा तास पायांवर उभं राहणाऱ्या माणसाला उपाशी ठेवणं हा मूर्खपणा. आणि ज्या सिस्टर स्वतः इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेतात, ज्यांना दिवस गेलेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा हलवूच नयेत, साखर धाडकन उतरू शकते. ताईच्या डब्यात आता एक मूठ फुटाणे आणि एक उकडलेलं अंडं असतं, नाहीतर वाटीभर मोडाची मटकी, कांदा घालून. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, मूठभर फुटाण्यांत तेवढीच. रोजचा हिशेब किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम. चहा-बिस्किटावर ते कुठून भरणार? प्रथिनं पोटात जास्त वेळ टिकतात आणि साखरेला एकदम उसळी घेऊ देत नाहीत. भातानंतर पहाटे चारला जी गुंगी यायची, ती बरीच कमी झाली, असं ती स्वतःहून म्हणाली.

पण दवाखान्याकडून मदत शून्य. पँट्री रात्री दहाला बंद. त्यानंतर मशीनचा चहा, त्यात साखर आधीच मिसळलेली, कमी करायची सोय नाही. डॉक्टरांच्या खोलीत फ्रीज आहे, सिस्टरांच्या नाही. उन्हाळ्यात मटकी आंबते.

चहाचं वेगळंच दुखणं निघालं. कॅफिन निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात. साडेसहाच्या चहातलं निम्मं कॅफिन साडेअकरालाही रक्तात, आणि ताई झोपायला जाते दहाला. वर गल्लीत भंगारवाला, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. मिळते ती चार-पाच तासांची झोप. झोप तुटली की भूक कशी बिघडते, हे २००४ मध्ये बारा तरुणांवर मोजलं गेलंय: दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. आणि वासना कशाची झाली? गोडाची, खाऱ्याची, पिठूळ पदार्थांची. म्हणून नाईटनंतर कुणाला काकडी खावीशी वाटत नाही. यात ताईच्या मनाचा दुबळेपणा कुठे आला? शेवटचा चहा आता दोनला. साडेसहाला गरम पाणी, त्याला ती शिव्या घालते, पण पिते.

मिसळीवरून मात्र भांडण झालं. मी कोल्हापूरची आहे, मिसळ सोडा असं लिहायला माझा हात धजणार नाही. शिवाय मटकीची उसळ बिचारी निर्दोष आहे. गुन्हेगार आहे वर तरंगणारा तेलाचा लाल थर. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि आपल्याकडे कट मागाल तेवढा, न मागताही. त्यात फरसाण, त्यात ब्रेडच्या स्लाइस. शिवाय हे सगळं पोटात टाकून तासाभरात आडवं व्हायचं, मग छातीत जळजळ होणार नाही तर काय? तोडगा असा निघाला: मिसळ ऑफच्या दिवशी, आणि कट एकदाच. नाईटनंतर घरी एक भाकरी, दही, असेल ती भाजी. सासूबाईंना "दोन घास" हवे होते, ते मिळाले. मोठं जेवण उठल्यावर दुपारी तीनला.

संकष्टीला मात्र सगळं गणित कोलमडतं. चंद्र उगवणार नऊ-साडेनऊला, तोवर ताईची ओव्हर घेऊन झालेली असते. दिवसभर साबुदाण्याची खिचडी, म्हणजे निव्वळ स्टार्च आणि शेंगदाण्याचं तेल, आणि मग उपवास सुटणार वॉर्डात, घाईघाईत. मी बोलून बघितलं. "ते तुझ्या घड्याळाला सांग, बाप्पाला नको," एवढंच उत्तर आलं.

चार महिन्यांत ७१ चे ६८ झाले. वेळेचा वाटा किती आणि चहातल्या साखरेचा किती, मला सांगता येणार नाही. एका माणसाचा प्रयोग हा प्रयोग नसतो. भारतीय बाईच्या पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा म्हणतात, ताई अजून बरीच बाहेर आहे. पण एकूण वजन पाच टक्क्यांनी घटलं तरी रक्तातली साखर आणि बीपी सुधारायला लागतं, आणि तिचे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. अर्धा किलो राहिलाय.

परवा सकाळी मीच तिला आणायला गेले होते. गाडीवर मागे बसता बसता तिनं पर्समधून छोटा डबा काढून दाखवला. आत दोन पेढे आणि एक बर्फी. रात्री तीन बाळंतपणं झाली होती.

"रात्री खाल्ले नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, दिवसा खा म्हणून. आता नऊ वाजलेत," ती म्हणाली आणि बर्फीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.