कौनसी आँख, माताजी?

आमच्या मावशी इंदूरच्या रामबागेतल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आल्या त्या डोळ्यावर पट्टी आणि कपाळाला आठ्या घेऊनच. "चारदा नाव विचारलं रे! वर 'माताजी, कौनसी आँख?' कपाळावर पेनाने बाणसुद्धा काढला. डॉक्टरांना एवढंही ठाऊक नसतं?"

ठाऊक असतं. पण मोतीबिंदूची ऑपरेशनं एकामागून एक चालतात, चादरीखाली सगळे चेहरे सारखेच, आणि यादीत एखाद्या दिवशी दोन-दोन जोशी काकू. भिंगाचा नंबर मात्र प्रत्येकीचा निराळा. एकीचं भिंग दुसरीला बसलं, तर हात कितीही सफाईने चालला असला तरी दिसणार धूसरच.

ही पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घ्यायची खोड खरं तर वैमानिकांची. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं नवं बॉम्बर चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. पायलट कसलेला होता. विमान उभं असताना शेपटीचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहून गेला, इतकंच. सवयीचं काम विसरायला अडाणी असावं लागत नाही. मग उड्डाणाआधी वाचायची यादी आली.

ऑपरेशन थिएटरमध्ये अशी यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणली. मुद्दे फक्त १९. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंटला बाहेर नेण्याआधी क्षणभर थांबायचं. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

मला त्यातला सगळ्यात आवडणारा मुद्दा अगदी साधा आहे: टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलेली सिस्टर पुढे "सर, रक्त टिपायचा एक गॉज मोजणीत कमी भरतोय" म्हणायला कचरत नाही. 'सरांना कोण टोकणार' ही आपल्याकडची जुनी भीती, तिच्यावर याहून स्वस्त औषध मला तरी माहीत नाही.

यादी म्हणजे जादू मात्र नव्हे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या १०१ रुग्णालयांच्या २०१४ सालच्या पाहणीत मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कागदावर टिक मारणं सोपं असतं. थांबून, मोठ्याने विचारणं अवघड.

मावशींचा दुसरा डोळा आता पुढच्या महिन्यात. परवा म्हणाल्या, "या खेपेला तीनदाच विचारलं, तर चौथ्यांदा मीच सांगेन."