हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक औषध नव्हे

कीटकनाशकाच्या लेबलावर हिरवा त्रिकोण असला की ते औषध सेंद्रिय किंवा निर्धोक असते, हा आपल्याकडे वर्षानुवर्षे पसरलेला समज चुकीचा आणि धोकादायक आहे. कीटकनाशक नियम, 1971 नुसार हा रंग केवळ विषारीपणाची श्रेणी दाखवतो: तोंडावाटे दिल्यावर प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतील अशी मात्रा दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, 51 ते 500 असेल तर पिवळा, 501 ते 5000 असेल तर निळा आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा. म्हणजे हिरवे औषधही विषच आहे, फक्त कमी तीव्रतेचे, आणि ते रासायनिक असू शकते. मधमाश्यांवर किंवा माशांवर त्याचा काय परिणाम होईल, हे तर रंगावरून मुळीच कळत नाही.

लेबल तपासताना नोंदणी क्रमांक, सक्रिय घटकाचे प्रमाण, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि विषबाधेवरील उतारा पाहावा. ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’, ‘निरुपद्रवी’ असे दावे लेबलावर करण्यास याच नियमांनी मनाई केली आहे. ‘सूचनेनुसार वापरल्यास’ अशी पुस्ती जोडली, तरीही ते नियमबाह्यच ठरतात.